अंगणातली कात कोणाची?



मागच्या पावसाळ्यात शाळा सुरू होऊन तीनेक आठवडे झाले असतील. सातवीतला एक विद्यार्थी ब्रेडच्या रिकाम्या पिशवीत काहीतरी घेऊन विज्ञानाच्या तासाला आला. पिशवीत सापाच्या दोन काती होत्या. एक चांगली लांबलचक, दुसरी बोटभर रुंदीची आणि तुटकी. दोन्ही साकेत नगरातल्या त्याच्या घराच्या मागच्या अंगणात मिळालेल्या. लांब कात लिंबाच्या झाडाखाली कुंड्यांच्या मागे सापडली होती आणि छोटी मोरीजवळ रचून ठेवलेल्या विटांपाशी.

वर्गात "केंचुली, केंचुली" असा एकच गलका झाला. भोपाळमध्ये पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या आपल्या घरांतून आजी-आजोबा अजून 'कात' म्हणतात आणि नातवंडे 'केंचुली'. त्याला आमची हरकत नाही, पण पुढे सापांची नावे येतील तेव्हा दोन्ही भाषांतली नावे ठाऊक असलेली बरी, म्हणून हे आधीच सांगून ठेवतो.

वर्गाचा निकाल पाच मिनिटांत लागला. मोठी कात नागाची, कारण डोक्याकडचा भाग रुंद दिसतो. छोटी त्याच्या पिल्लाची. घरीही हेच ठरले होते. वडील सपेऱ्याला बोलावण्याच्या विचारात होते आणि आजीने मोठ्या कातीचा एक तुकडा कपाटात पैशांच्या डब्याखाली ठेवला होता. मराठीत 'साप साप म्हणून भुई धोपटणे' असे म्हणतात. भुई धोपटण्याआधी खवले तरी मोजून पाहू, असे आम्ही ठरवले. त्याला दोन दिवस लागले.

आधी कात म्हणजे काय ते पाहू. सापाच्या त्वचेचा सर्वांत वरचा थर निर्जीव असतो आणि तो अंगाबरोबर वाढत नाही. त्याच्याखाली नवा थर तयार झाला की साप जुना टाकतो. त्याआधी काही दिवस त्याचे डोळे दुधाळ, निळसर दिसू लागतात, त्याला नीट दिसत नाही आणि तो दडून बसतो. मग डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि दोन-चार दिवसांत तो ओठांची कड दगडावर, विटेवर किंवा खोडावर घासून तिथली कात सोडवतो. कडा कशात तरी अडकल्या की साप पुढे सरकत जातो आणि कात मागे उलटत जाते. घाईत पायमोजा काढताना तो जसा उलटा होतो, अगदी तसेच.

यातून दोन गोष्टी निघतात आणि पुढे दोन्ही कामास आल्या. पहिली म्हणजे, सापडलेली कात बहुधा उलटी असते. सापाच्या अंगावर जे उंचवटे होते ते कातीच्या बाहेरच्या बाजूला खाचेसारखे दिसतात. दुसरी म्हणजे, कातीचे डोके मागे राहते आणि शेपटीचे टोक साप ज्या दिशेला गेला त्या दिशेला असते. कात उचलण्याआधी ती कशी पडली आहे हे पाहून ठेवले तर साप कुठून कुठे गेला ते कळते. आमच्या विद्यार्थ्याने पाहून ठेवले नव्हते. चौकशी करता त्याच्या आजीला आठवले.

कात लांबीला फसवते. खवल्यांच्या मधली घडी पडलेली त्वचाही कातीत उलगडते आणि ओढली जाते, त्यामुळे कात सापापेक्षा बरीच लांब भरते. सहा फुटी कात दिसली तर साप पाच-साडेपाच फुटांचा समजावा. रुंदीचेही तेच. वर्गाला जी 'फणा' दिसली ती ताणलेली, चपटी झालेली त्वचा होती. रंगावरही भरवसा नको, कारण बहुतेक रंग आतल्या जिवंत थरात राहतो आणि कातीवर त्याची पुसट सावली तेवढी येते. काळाभोर सापसुद्धा करडी, पांढुरकी कात टाकतो.

मग उरते काय? उरतात खवले. अंड्यातून बाहेर पडताना सापाच्या अंगावर खवल्यांच्या जितक्या ओळी असतात तितक्याच म्हातारपणीही असतात. खवले मोठे होतात, संख्या वाढत नाही. म्हणूनच पिल्लाच्या कातीचा हिशेब आईच्या कातीसारखाच येतो.

हा हिशेब नवा नाही. अठराव्या शतकात लिनियसने सापांची वर्गवारी पोटाखालचे आणि शेपटीखालचे खवले मोजून केली. ज्यांच्या नावाने घोणस इंग्रजीत ओळखली जाते ते पॅट्रिक रसेल यांनी १७९६ साली कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांवर ग्रंथ काढला, त्यातही ही मोजदाद आहे. पुढे फ्रँक वॉल या लष्करी डॉक्टरांनी भारतातले विषारी साप खवल्यांवरून कसे ओळखावेत याचे पुस्तकच लिहिले. ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने छापले आणि १९२८ साली त्याची चौथी आवृत्ती निघाली. मुंबईच्या हाफकिन संस्थेतील डॉ. पी. जे. देवरस यांचे भारतीय सापांवरचे पुस्तक नॅशनल बुक ट्रस्टने १९६५ साली काढले. पुण्याला कात्रजचे सर्पोद्यान नीलिमकुमार खैरे यांच्या खटपटीतून १९८६ साली उभे राहिले. सुट्टीत पुण्याला जाणाऱ्या कुटुंबांनी मुलांना ते जरूर दाखवावे. रोम्युलस व्हिटेकर आणि पुण्याचे अशोक कॅप्टन यांचे २००४ सालचे क्षेत्रपुस्तक तर आज साप ओळखणाऱ्या प्रत्येकाच्या पिशवीत असते.

आता आमची मोजणी. कात वाळली की पापडासारखी तुटते. म्हणून एका परातीत कोमट पाणी घेऊन दोन्ही काती दहा मिनिटे भिजवल्या. (परात प्रयोगशाळेची, घरची नव्हे. कातीत विष नसते, पण जंतू असू शकतात. हात साबणाने धुवावेत.) मग कात काळ्या कागदावर पसरली. पोटाच्या बाजूला आडवे, रुंद पट्टे एकाखाली एक असतात, शिडीच्या पायऱ्यांसारखे. त्या पट्ट्यांच्या कडेने कात्रीने कापत गेले की नळीची चादर होते. पाठीवरच्या ओळी मोजायच्या त्या अंगाच्या बरोबर मध्यावर, पट्ट्याच्या एका टोकापासून तिरके वर चढत, पाठ ओलांडून दुसऱ्या टोकापर्यंत. आडवा पट्टा मोजायचा नाही. तीन मुलांनी वेगवेगळी मोजणी करायची आणि तिघांचा आकडा जुळला तरच तो वहीत लिहायचा असा नियम केला. पहिल्या दिवशी एकदाही जुळला नाही, हे सांगितले पाहिजे.

मोठी कात सहा फुटांच्या थोडी वर होती. मध्यावर ओळी १७. नागाच्या मध्यावर बहुधा २३ असतात, २१ ते २५ च्या दरम्यान, आणि मानेवर फण्यामुळे त्याहून जास्त. म्हणजे नाग तिथेच बाद झाला. तरी डोके पाहिले. नागाच्या वरच्या ओठावरचा तिसरा खवला एका बाजूला नाकपुडीच्या खवल्याला आणि दुसऱ्या बाजूला डोळ्याला भिडतो. त्या दोहोंच्या मध्ये आणखी खवला बसायला जागाच नसते. आमच्या कातीत नाकपुडी आणि डोळा यांच्यामध्ये दोन-तीन लहान खवले स्पष्ट होते. डोळ्यावरची पारदर्शक चकती मोठी होती. (सापाला पापणी नसते, डोळ्यावरचे हे झाकणही कातीबरोबर निघते आणि भिंगासारखे दिसते. मुलांना सगळ्यात जास्त मजा याचीच वाटली.) शेपटी लांब, तिच्याखाली खवल्यांची जोडओळ. सगळे मिळून एकच नाव निघते, धामण. हिंदीत धामन. बिनविषारी, आणि उंदरांची वैरी. साकेत नगरात अंगणाच्या भिंतीपलीकडे मोकळे भूखंड आणि नाले आहेत, उंदीर आहेत, म्हणून धामण येते. तिला येऊ द्यावे हे बरे.

धामणीची कात मोजताना वर्ग निर्धास्त झाला आणि छोटी कात जवळजवळ विसरली गेली. "ती कवड्याची असेल," असे एका शिक्षकांनीच म्हटले. शक्यता होतीच. कवड्या हा लहानखुरा, दीड-दोन फुटी, बिनविषारी साप. पालींच्या मागे तो घरात, मोरीत, खिडकीच्या फटीत शिरतो. अडचण अशी की त्याच जागी, त्याच वेळी, म्हणजे रात्री, मण्यारही फिरते. मण्यार म्हणजे हिंदीतली करैत. दोन्ही गडद रंगाचे, दोन्हींच्या अंगावर फिकट आडवे पट्टे. कवड्याला मण्यार समजून लोक मारतात. क्वचित उलटही होते, आणि ते जिवावर बेतते. जिवंत साप समोर असेल तर सांगतात की कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारीचे मानेकडे पुसट आणि शेपटीकडे ठळक. पण कातीवर पट्टेच दिसत नाहीत, आणि जिवंत सापापाशी बसून पट्टे पाहणे हे कोणाचेही काम नव्हे.

कातीत पाहायचा तो कणा. कवड्याच्या पाठीवरचे सगळे खवले साधारण एकसारखे असतात. मण्यारीच्या पाठीच्या मध्यावरून जाणारी एक ओळ बाजूच्या खवल्यांपेक्षा ठळक मोठी आणि षट्कोनी असते, फरशीच्या एका ओळीत मोठ्या लाद्या बसवाव्यात तशी. आम्ही भिंग घेतले. मोठ्या लाद्या होत्या. ओळी मोजल्या तर १५. कवड्याच्या १७ असतात. मण्यारीच्या १५, क्वचित १७.

एवढ्यावर निकाल द्यायला आम्ही तयार नव्हतो. कारण मधली ओळ मोठी असणारे इतरही साप आहेत, मांजऱ्या त्यांतलाच एक. खरी खूण शेपटीखाली असते. मण्यारीच्या शेपटीखालचे खवले अखंड, एकाच ओळीत असतात. कवड्याचे आणि मांजऱ्याचे दुभंगलेले, दोन ओळींत. आणि आमच्या छोट्या कातीला शेपटीच नव्हती.

इथे एक सावधगिरीचा शब्द. 'एक ओळ म्हणजे विषारी, दोन ओळी म्हणजे बिनविषारी' असे सोपे सूत्र अनेकांच्या तोंडी आहे. ते चूक आहे. नागाला दोन ओळी असतात, घोणशीलाही दोन. उलट डुरक्या घोणस नावाच्या बिनविषारी सापाला एक ओळ असते. घोणस आणि फुरसे यांची कात मुळात वेगळी दिसते: डोक्यावर मोठ्या ढालींऐवजी बारीक खवले, पाठीवर २५-३० किंवा अधिक ओळी आणि प्रत्येक खवल्याच्या मधोमध उभी धार. उलट्या कातीत ही धार खाच होऊन दिसते, हे मघाशी सांगितलेच. दिवडीच्या कातीवरही धार असते, पण तिच्या डोक्यावर मोठ्या ढाली असतात आणि ओळी १९ असतात. एकच खूण धरून निकाल देऊ नये. दोन-तीन खुणा एकमेकींना दुजोरा देतील तेव्हा द्यावा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, चांगल्या उजेडात, विद्यार्थ्याच्या वडिलांनी बूट घालून, लांब काठीने विटा एकेक करून बाजूला केल्या. मुलांना ओट्यावर उभे केले होते. शेपटीचा तुकडा सापडला तो विटांत नव्हे, तर मोरीच्या नळाच्या तोंडाशी, फुटलेल्या सिमेंटच्या कडेला अडकलेला. तो शाळेत आला. शेपटीखाली खवल्यांची एकच ओळ, टोकापर्यंत.

म्हणजे मण्यार. आणि आजीने सांगितल्याप्रमाणे डोक्याचा भाग विटांपाशी होता, तर शेपटी मोरीच्या तोंडाशी. साप अंगणातून घराच्या दिशेने गेला होता. त्याच मोरीला लागून आतली खोली, आणि त्या खोलीत आजी उकाड्यामुळे जमिनीवर चटई टाकून झोपत असत.

आम्ही घाबरवण्यासाठी हे लिहीत नाही. कात कोरडी, ठिसूळ होती, म्हणजे काही दिवसांची. साप अजून तिथे होताच असे नाही, आणि नव्हता असेही नाही. पण मण्यारीची गोष्ट वेगळी आहे. ती दिवसा सुस्त असते, रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. चावा बहुतेक दुखत नाही, सुजत नाही, कधी खूणही दिसत नाही. माणूस पहाटे पोटदुखीने उठतो, पापण्या जड होतात, बोलणे अडखळते, आणि घरचे ओवा-सोडा देत बसतात. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहे. त्यांतले निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले, आणि जास्त मृत्यूंच्या राज्यांत आपला मध्य प्रदेश आहे.

त्या घरात मग काय केले ते सांगतो, कारण प्रत्येक पालकाने विचारले. सपेऱ्याला बोलावले नाही. साप पकडणे, मारणे किंवा बाळगणे वन्यजीव संरक्षण कायद्याने, १९७२ पासून, मना आहे, आणि सपेरा पिशवीतलाच साप काढून दाखवतो की काय ही शंका वेगळीच. फिनाइल, गंधक, लसूण यांनी साप दूर राहतो याला भरवशाचा पुरावा नाही. कार्बोलिक आम्लाने मुलांचे हातपाय मात्र भाजतील. आजींना खाट दिली आणि मच्छरदाणी, कडा गादीखाली नीट खोचलेली. नेपाळच्या तराईत झालेल्या एका अभ्यासात, जो २००७ साली प्रसिद्ध झाला, मच्छरदाणीत झोपणाऱ्यांना सर्पदंशाचा धोका फार कमी आढळला होता. मोरीच्या तोंडाला बारीक जाळी बसवली, दाराखालची फट बुजवली, विटा भिंतीपासून दूर नेल्या, रात्री बाहेर जाताना हातात टॉर्च. एकूण खर्च मच्छरदाणीचा आणि जाळीचा. आजींना खाट पसंत नव्हती. "पन्नास वर्षे खाली झोपले," म्हणाल्या. शेवटी नातवाने कात दाखवून कणा मोजून दाखवला, तेव्हा कुठे त्या तयार झाल्या.

कोणाला चावलेच, तर ओळख पटवण्यात एक मिनिटही घालवू नये. भारतात मिळणारी प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर एकत्रितच चालते आणि डॉक्टर लक्षणे पाहून उपचार ठरवतात. साप किंवा कात दवाखान्यात नेण्याची गरज नाही. चिरा देऊ नये, चोखू नये, आवळून बांधू नये. अंगठ्या-बांगड्या काढाव्यात, हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवावा, रुग्णाला चालवू नये आणि १०८ ला फोन करावा. साकेत नगरवाल्यांना एम्स दाराशी आहे, ही मोठीच सोय आहे. ती झाडफूक करणाऱ्याकडे अर्धी रात्र घालवून वाया जाऊ नये. पहाटे विनाकारण पोट दुखणे आणि पापण्या मिटणे ही दोन लक्षणे एकत्र दिसली, तर चावा दिसो न दिसो, रुग्णालय गाठावे.

विश्वस्त मंडळाला या निमित्ताने एक विनंती. शाळेच्या मागच्या भिंतीशी जुन्या बाकांचा आणि फरशांचा ढीग तीन वर्षे पडून आहे आणि मुलींच्या स्वच्छतागृहाच्या वाटेवर दिवा नाही. हे पत्रक आपल्या हाती पडेल तेव्हा पाऊस तोंडावर असेल.

दोन्ही काती आता विज्ञान कक्षात काचेखाली आहेत. मण्यारीची शेपटी वेगळ्या चिठ्ठीसह लावली आहे, म्हणजे पुढच्या वर्गांना भिंगाने एकेरी ओळ पाहता येईल. मुंग्या आणि कसर लागू नये म्हणून कापूर ठेवला आहे. तो कोणी काढू नये. यापुढे कोणाला अंगणात कात सापडली तर आधी मोठ्यांना बोलवावे, ती कशी पडली आहे याचे चित्र काढावे आणि मग काठीने उचलून कागदाच्या पाकिटात घालावी, प्लॅस्टिकमध्ये नको, बुरशी येते. पाकिटावर तारीख आणि जागा लिहावी. आणि शेपटी शोधून आणावी, पण ती मोठ्यांनी, दिवसाउजेडी.